थर वाळवंटाची धूळ आणि ग्वाल्हेरचा उन्हाळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या मराठी घरांत धुळीचा विषय निघतो आणि जूनअखेर पाऊस येईपर्यंत संपत नाही. ओटा सकाळी पुसावा, दुपारी बोट फिरवावं तर रेघ उठते. पुण्या-नाशिककडून लग्न होऊन किंवा बदलीवर आलेल्यांना हे प्रकरण नवंच असतं, आणि इथल्या जुन्यांना त्याची इतकी सवय झालेली असते की ‘आंधी आहे, खिडक्या लावा’ यापलीकडे कोणी बोलत नाही. प्रश्न मात्र दरवर्षी तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कुठूनही वाचलं तरी चालेल. पण पहिली तीन उत्तरं आधी वाचलीत तर पुढची लवकर कळतील.

ही सगळी धूळ राजस्थानातून येते, हे खरं का?

अर्धं खरं. जैसलमेर आपल्यापासून सरळ रेषेत सातशे किलोमीटरहून थोडं लांबच आहे. एवढ्या वाटेत वारा मालाची निवड करत येतो. सुपात पाखडताना दाणा जागेवर पडतो आणि फोल उडून जातं, तसंच. वाळू वाळवंटातच राहते. मधले कण वर उचलले गेले तरी काही तासांत, शे-दोनशे किलोमीटरच्या आत खाली बसतात. ग्वाल्हेरपर्यंत टिकून येतात ते बहुतेक वीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आतले कण, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही बारीक.

म्हणून गच्चीवरची धूळ चिमटीत घेऊन चोळून पाहा. खरखर लागली, किंवा तोंडात जाऊन दाताखाली कचकच झाली, तर ती रेती थरची नाही, आपल्याच परिसरातली आहे. मोहरी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, गहू एप्रिलपर्यंत. वारा जोर धरतो नेमका तेव्हाच मुरैना-भिंडपासून डबरा गावापर्यंतची शेतं उघडी पडलेली असतात आणि थ्रेशरचा भुसा हवेत असतो. शिवाय चंबळ आणि सिंध नद्यांच्या काठचे बिहड, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळी, तिथली मऊ गाळाची माती, गिट्टीचे क्रशर, रस्त्यांच्या कच्च्या कडा, उघड्यावर टाकलेली बांधकामाची रेती. बोटाला गुळगुळीत लागणारी, फिकट पिवळसर, पुसल्यावर फडक्याच्या विणीत जाऊन बसणारी जी असते, तिच्यात मात्र दूरचा वाटा मोठा असू शकतो.

सगळं खापर राजस्थानवर फोडणं सोयीचं आहे, कारण तो उत्तर द्यायला येत नाही.

बारीक धूळ हलकी, मग तीच आधी उडायला हवी ना? वाळूचा त्यात संबंध काय?

सगळी गोम इथेच आहे. अगदी बारीक कण एकमेकांना आणि जमिनीला चिकटून असतात, वारा त्यांना सहजासहजी सोडवू शकत नाही. फार जाड कण वजनामुळे जागचे हलत नाहीत. वाऱ्याला सगळ्यांत आधी दाद देतात ते मधले, साधारण ७५ ते १०० मायक्रॉनचे. जमीन कोरडी, उघडी आणि भुसभुशीत असेल तर ताशी २०-२५ किलोमीटरचा वारा त्यांना पुरतो. हे कण आभाळात जात नाहीत. जमिनीलगत उड्या मारत पुढे सरकतात आणि दर उडीला खाली आपटतात. त्या माऱ्याने जमिनीवरचा पापुद्रा फुटतो आणि त्यात अडकलेली बारीक धूळ मोकळी होते. वाळू स्वतः लांब जात नाही, पण धूळ सुटते ती तिच्या आपटण्यामुळे.

ब्रिटिश लष्करातले अभियंता राल्फ बॅगनॉल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटात मोटारी घालून भटकंती केली आणि नंतर १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये बंद बोगद्यात पंख्याने वाळू उडवून या उड्यांचं गणित मांडलं. त्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. उडणाऱ्या वाळूचं प्रमाण वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या हिशेबाने वाढतं. वारा दुप्पट झाला तर वाळू जवळपास आठपट. त्यामुळे वर्षभराची बरीचशी धूळ मोजक्याच सोसाट्याच्या दिवसांत उठते.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. चित्रात दिसतात त्या वाळूच्या टेकड्या हा धुळीचा मुख्य साठा नव्हे. तिथली बारीक धूळ वाऱ्याने केव्हाच उडवून नेलेली असते, उरते ती स्वच्छ वाळू. खरी धूळ निघते आटलेल्या तळ्यांच्या तळातून, कोरड्या नदीपात्रांतून, गाळाच्या सपाट मैदानांतून. जगातला सगळ्यांत मोठा धुळीचा उगम मानला जातो तो आफ्रिकेतल्या चाड देशातला बोडेले नावाचा खोलगट भाग, आणि तो एका प्राचीन सरोवराचा तळच आहे.

एकदा उडालेली धूळ किती वर जाते आणि किती दिवस हवेत राहते?

मे महिन्यात दुपारी जमीन एवढी तापते की गरम हवेचे लोट तीन-चार किलोमीटरपर्यंत, कधी पाचपर्यंतही जातात. धूळ त्यांच्याबरोबर तेवढी वर पोचते. वर वारा जोरात असतो, घर्षण कमी असतं, त्यामुळे तीच धूळ रातोरात दोन-तीन जिल्हे ओलांडते.

खाली यायला किती वेळ लागतो ते आकारावर ठरतं. हवा अगदी स्थिर आहे असं धरून हिशेब केला, तर ५० मायक्रॉनचा कण तीन किलोमीटरवरून चारेक तासांत खाली येईल. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला एक सेंटिमीटरपेक्षाही कमी वेगाने उतरतो, त्याला चार दिवस लागतील. २ मायक्रॉनच्या कणाला शंभर दिवसही पुरणार नाहीत. प्रत्यक्षात हवा कधीच स्थिर नसते, आणि एवढे दिवस व्हायच्या आधीच पाऊस त्याला धुऊन खाली आणतो. पण आकार अर्धा झाला की पडण्याचा वेग चौथाई होतो, एवढं कळलं की जैसलमेरची वाळू ग्वाल्हेरला का पोचत नाही आणि धूळ का पोचते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वर्षाच्या कुठल्या महिन्यात धूळ कुठून येते? वारा तर सारखाच बदलत असतो.

रोजचा वारा बदलतो, ऋतूचा वारा बऱ्यापैकी नेमाने चालतो.

मार्चपासून सूर्य उत्तरेकडे सरकतो तशी पाकिस्तानातला सिंध प्रांत आणि पश्चिम राजस्थानची जमीन तापायला लागते. तापलेली हवा वर जाते, खाली दाब कमी होतो. मे-जूनपर्यंत त्या भागात कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो, दाब १००० हेक्टोपास्कलच्या खाली उतरतो. या पट्ट्याच्या भोवती फिरणारा वारा आपल्याकडे वायव्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. हीच लू, उन्हाळ्यातला गरम कोरडा वारा. नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो २५ मेच्या सुमारास, आणि त्याच्या आगेमागचे आठवडे हे धुळीच्या वाहतुकीचे मुख्य दिवस. जमीन सगळ्यांत कोरडी, वारा सगळ्यांत जोरकस, हवेचे लोट सगळ्यांत उंच, असा तिन्हींचा मेळ वर्षातून एकदाच बसतो.

यात दिवस-रात्रीचाही एक खेळ असतो. रात्री जमीन गार झाली की खालची हवा शांत होते, पण काहीशे मीटर वर वारा उलट जोर धरतो, कारण त्याला जमिनीचं घर्षण लागत नाही. सकाळी ऊन चढलं, हवा ढवळू लागली, की तो वरचा जोर खाली उतरतो. म्हणून पहाटे पान हलत नाही आणि नऊ-दहानंतर एकाएकी दारं आपटायला लागतात.

जूनच्या शेवटी पुरवैया, म्हणजे बंगालच्या उपसागराकडून येणारा पूर्वेचा ओलसर वारा, इथवर पोचतो. दिशाच उलटते. थरकडून येणारी वाट बंद होते आणि जमीन भिजल्यामुळे इथली धूळही बसते. जुलै-ऑगस्टमध्ये अरबस्तानातली धूळ अरबी समुद्रावर येतच असते, पण ती आपल्यापर्यंत क्वचितच टिकते.

ऑक्टोबरला पुन्हा कोरडं, पण वारा मंद. नोव्हेंबर ते जानेवारी वारा वायव्येचाच असतो, तरी त्यात धूळ उचलायची ताकद नसते. तेव्हा जे मळकट दिसतं तो मुख्यतः धूर आणि धुकं. अधूनमधून पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने हवेचे विक्षोभ येतात. हिवाळ्यातला अवकाळी पाऊस त्यांचाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कोरडे आले तर इराण-पाकिस्तानची धूळ घेऊन येतात.

मध्ये अरवली आहे ना? ती अडवत नाही?

वाळू अडवते, धूळ नाही. अरवलीचं सर्वांत उंच शिखर, अबूजवळचं गुरुशिखर, १७२२ मीटर आहे. बाकी रांग, विशेषतः उत्तरेकडे, काहीशे मीटरच्या तुटक टेकड्यांची. तीन-चार किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या धुळीला तिचा अडथळा होत नाही. जमिनीलगत सरकणारी वाळू मात्र टेकड्यांपाशी थांबते, आणि जिथे रांगेत खिंडी आहेत किंवा खाणींनी टेकडीच संपवली आहे, तिथून ती पूर्वेकडे झिरपते. अरवली वाचवायला कारणं पुष्कळ आहेत आणि ती खरी आहेत. पण ‘अरवली गेली म्हणून ग्वाल्हेरला आंधी येते’ हे त्यातलं कारण नव्हे.

अरबस्तान किंवा आफ्रिकेची धूळही भारतात येते का?

येते. इराक आणि आखाताच्या भागात उन्हाळ्यात शमाल नावाचा वायव्य वारा वाहतो, तो धूळ अरबी समुद्रावर आणून सोडतो. मुंबईकरांना पश्चिमेकडून येणाऱ्या अशा धुळीचा अनुभव २३ जानेवारी २०२२ ला आला. कराचीकडून निघालेलं वादळ सौराष्ट्रावरून महाराष्ट्रापर्यंत पोचलं आणि सकाळी उभ्या गाड्यांवर पांढुरकी धूळ होती. आमचे तिकडचे नातेवाईक तेव्हा हवालदिल होऊन फोटो पाठवत होते. इथे ते फोटो कोणी फार मनावर घेतले नाहीत! नोव्हेंबर २०१७ मध्ये दिल्ली धुरक्यात बुडाली होती, तेव्हा पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेच्या ‘सफर’ यंत्रणेने त्यात आखाती वादळाच्या धुळीचाही मोठा वाटा असल्याचं सांगितलं होतं.

सहाराची बहुतेक धूळ मात्र उलट दिशेला जाते. व्यापारी वारे तिला अटलांटिक पार करून कॅरिबियन आणि दक्षिण अमेरिकेपर्यंत नेतात. जून २०२० मध्ये असा एक प्रचंड लोट उपग्रहांनी टिपला होता. उपग्रहाच्या मोजणीवरून २०१५ साली काढलेला अंदाज असा की ॲमेझॉनच्या जंगलावर दरवर्षी सरासरी पावणेतीन कोटी टनांहून अधिक सहारी धूळ पडते आणि तिच्यातून सुमारे २२ हजार टन फॉस्फरस मिळतो. पावसाने जेवढा फॉस्फरस वाहून जातो, जवळपास तेवढाच. सगळ्या जगाचा हिशेब केला तर वर्षाला अंदाजे २०० कोटी टन धूळ हवेत जाते, असं जागतिक हवामान संघटना सांगते. त्यात थरचा वाटा लहान आहे. आपल्याला तो मोठा वाटतो, कारण तो आपल्या ओट्यावर येतो.

आंधी येताना क्षितिजावर पिवळी-तपकिरी भिंत दिसते. ते काय असतं?

ते थरहून चालत आलेलं काही नसतं. पन्नास-शंभर किलोमीटरवर कुठेतरी गडगडाटी ढग पिकलेला असतो. त्यातून पाऊस पडायला लागतो, पण खालची हवा एवढी कोरडी असते की थेंब वाटेतच सुकतात. सुकताना ते हवा गार करतात. गार हवा जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चारी दिशांना पसरते. तिच्या पुढच्या कडेला सगळी सुटी माती उचलली जाते, तीच ती भिंत. म्हणून आंधी पोचली की पहिल्या पाच मिनिटांत गारवा येतो, पारा दहा अंशांनीही उतरू शकतो, आणि मागून चार थेंब पडतात किंवा पडतही नाहीत.

हिची धूळ बहुतेक जवळपासची असते, म्हणूनच ती खरखरीत. दुपारनंतर आणि संध्याकाळी जास्त येते, कारण ढग पिकायला दिवसभराची उष्णता लागते.

हिला हलकं घेऊ नका. २ मे २०१८ च्या रात्री उत्तर प्रदेश आणि राजस्थानात अशाच वादळांनी शंभराहून अधिक माणसं गेली. आग्रा, भरतपूर, धौलपूर हे भाग सर्वांत जास्त सापडले, आणि धौलपूर आपल्यापासून साठ-पासष्ट किलोमीटरवर. बहुतेक बळी भिंती, छपरं, झाडं आणि खांब कोसळून गेले. आंधी येताना झाडाखाली, पत्र्याच्या शेडखाली किंवा होर्डिंगजवळ उभं राहू नये. दुचाकीवर असाल तर थांबा आणि पक्क्या इमारतीत जा. गच्चीवरचे कपडे गेले तर जाऊ द्या.

आणि वादळ नसताना तीन-तीन दिवस आभाळ मळकट असतं, ते?

ती खरी थरची देणगी. वायव्येकडून उंचावरून आलेली बारीक धूळ शहरावर थर करून राहते. वारा नसतो, गडगडाट नसतो, फक्त किल्ला दिसेनासा होतो. लश्करातल्या महाराज बाडा चौकातून किल्ला दोनेक किलोमीटरवर आहे. त्याच्या तटाची रेघ पुसट झाली की दृश्यता तेवढी उतरली असं समजायला हरकत नाही. यंत्र घेण्याची गरज नाही. जून २०१८ च्या मध्यावर दिल्लीपासून इथपर्यंत असाच थर बसला होता, आणि दिल्लीत तेव्हा काही दिवस बांधकामं बंद ठेवायला लागली होती.

अशा दिवसांत ऊन कमी लागतं पण रात्री जीव जातो. हा भास आहे का?

भास नाही. धुळीचा थर दिवसा सूर्यप्रकाश काही परतवतो, काही स्वतः शोषतो, त्यामुळे दुपारचा पारा थोडा कमी चढतो. रात्री जमीन जी उष्णता बाहेर टाकते ती हाच थर अडवून काही भाग परत खाली पाठवतो. म्हणून किमान तापमान उतरत नाही. गच्चीवर झोपणाऱ्यांना याचा हिशेब कोणी समजावून सांगायची गरज नाही.

सूर्य पिवळा-लाल न दिसता फिकट पांढरा का दिसतो?

हवेचे रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून एरवी आभाळ निळं. धुळीचे कण प्रकाशाच्या लहरींपेक्षा मोठे असल्यामुळे सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात आणि आभाळ दुधट होतं. कणांत लोहाची खनिजं असतात, ती थोडा निळा शोषतात, म्हणून त्याला मातकट छटा.

धूळ जास्त झाली की पाऊस लांबतो का?

आजोबा लोक उलट सांगतात, चांगली तापली आणि चांगली आंधी झाली तर पाऊस बरा. शास्त्रातही हे पूर्ण वेडगळ ठरलेलं नाही. धूळ सूर्यप्रकाश शोषून आसपासची हवा तापवते. विल्यम लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलं की हिमालयाच्या पायथ्याशी साचलेली धूळ आणि काजळी हवा तापवून मान्सूनला लवकर उत्तरेकडे ओढते. २०१४ साली व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अरबी समुद्रावर आणि पश्चिम आशियावर धूळ वाढली की समुद्रावरून येणारी बाष्पाची आवक वाढते आणि आठवड्याभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. दुसऱ्या बाजूला, जमिनीवर पडणारं ऊन कमी झालं की जमीन कमी तापते आणि मान्सूनचा जोर कमी व्हायला हवा, असाही युक्तिवाद आहे. पहिल्या कल्पनेवर तर बराच वाद झाला. तेव्हा एकाच आंधीवरून पावसाचं भाकीत करणाऱ्यांचं ऐकावं आणि सोडून द्यावं.

पहिल्या सरीत गाड्यांवर चिखलाचे ठिपके का पडतात?

थेंब खाली येताना वाटेतली धूळ गोळा करत येतो. सर छोटी असली तर पाणी सुकतं आणि धूळ उरते. मोठी असली तर सगळं वाहून जातं. या धुळीत चुनखडीचा अंश बराच असतो, आणि तो पावसातलं आम्ल मारतो. भारतात कारखाने आणि गाड्या एवढ्या असूनही युरोपसारखा आम्लपर्जन्याचा त्रास सगळीकडे झाला नाही, त्यामागे या मातीचा मोठा हात आहे. गाडी धुताना कोरडं फडकं मारू नका, आधी पाणी. कणांत क्वार्ट्झ असतो, तो रंगावर ओरखडे काढतो.

२०१६ च्या यादीत ग्वाल्हेर जगातलं दुसरं सर्वांत प्रदूषित शहर होतं. ते वाळवंटामुळेच ना?

जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या यादीत पीएम २.५ च्या (अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) वार्षिक सरासरीत पहिला क्रमांक इराणच्या झाबोलचा होता, घनमीटरला २१७ मायक्रोग्रॅम, आणि दुसरा ग्वाल्हेरचा, १७६. दोघांना एका ओळीत ठेवलं खरं, पण दोन्ही शहरांचं दुखणं वेगळं. झाबोल सिस्तानच्या सपाटीवर आहे. तिथे मेअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ‘एकशेवीस दिवसांचा वारा’ वाहतो आणि शेजारचं हामून सरोवर आटल्यामुळे त्याचा तळ उघडा पडला आहे. तिथली हवा बिघडते ती उन्हाळ्यात, धुळीने.

आपली हवा पीएम २.५ च्या हिशेबात सगळ्यांत वाईट होते हिवाळ्यात, जेव्हा वाळवंट जवळपास झोपलेलं असतं. वाहनं, कचरा आणि काडीकचरा जाळणं, भट्ट्या, चुली, डिझेल जनरेटर, आणि थंडीत हा सगळा धूर जमिनीलगत कोंडणारी हवा. थर आपल्या पीएम १० मध्ये (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) भर घालतो, त्यात शंका नाही. पण ग्वाल्हेर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत आहे ते केवळ वाऱ्याच्या कृपेने नव्हे.

मोबाइलवर एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) ३०० दिसतो. तो धुळीचा की धुराचा, हे कसं ओळखायचं?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आकड्याबरोबर मुख्य प्रदूषक दिलेला असतो, तो बघा. आपला निर्देशांक म्हणजे सगळ्या घटकांची सरासरी नसते. ज्याचा आकडा सर्वांत वाईट, तोच निर्देशांक ठरतो. मेमध्ये पीएम १० घनमीटरला ३५० मायक्रोग्रॅम आणि पीएम २.५ फक्त ८० असेल, तरी एक्यूआय ३०० येतो. डिसेंबरमध्ये पीएम १० दोनशेच असेल, पण पीएम २.५ १२० असेल, तरीही तोच ३००. दुसरा ३०० फुप्फुसाला जास्त महागात पडतो, कारण बारीक कण खोलवर जातात आणि धुरातले कण रासायनिक दृष्ट्याही अधिक घातक असतात. साधा अडाखा असा: पीएम २.५ चा आकडा पीएम १० च्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असेल तर धूळ, निम्म्याहून वर असेल तर धूर.

याचा अर्थ धूळ निरुपद्रवी असा घेऊ नका. दमा असलेल्यांना, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना ती त्रास देतेच. डोळे चुरचुरतात, नाक वाहतं, जुना खोकला उलटतो. ओला पंचा तोंडाला बांधला तर जाड कण अडतात, बारीक नाही. त्यासाठी एन ९५ मास्क, आणि तो नाकावर घट्ट बसलेला हवा. इनहेलर असेल तर आंधीच्या महिन्यांत तो संपू देऊ नका. कोरडा झाडू मारून घरातली धूळ पुन्हा हवेत उडवण्यापेक्षा ओलं पुसा. कूलरच्या जाळ्या आणि खस दर आठवड्याला धुवा, नाहीतर धूळ पाण्यात साचते आणि वास येतो.

वाळवणं कधी घालावीत?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि हवामान खात्याच्या कुठल्याच पत्रकात त्याचं उत्तर नसतं. महाराष्ट्रातल्या सवयीने एप्रिल-मेमध्ये कुरडया-पापड घातले की इथे त्यांच्यावर धूळ आणि भुसा दोन्ही बसतात. पाडव्याच्या आगेमागे उरकून घ्यावं. ऊन पुरेसं झालेलं असतं, मळणी जोरात सुरू झालेली नसते आणि लूही लागलेली नसते. मेमध्ये घालायचीच असतील तर पहाटे घालून नऊच्या आत वरून मलमल टाकावी, कडेला दगड ठेवावेत, आणि दुपारनंतर पश्चिमेला ढग दिसले तर सरळ उचलावीत. सांडगे चुकूनही उघडे ठेवू नयेत. त्यांच्या खाचांत बसलेली रेती तळताना निघत नाही.

वाळवंट पुढे सरकतंय आणि धूळ दरवर्षी वाढतेय, असं ऐकतो. खरं का?

थरच्या धुळीपुरतं तरी मोजमाप उलट सांगतं. उपग्रहांच्या नोंदींवरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, या शतकाच्या सुरुवातीपासून मान्सूनपूर्व महिन्यांतली धूळ दहा ते वीस टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. कारणं दोन दिली होती: वायव्य भारतात मान्सूनपूर्व पाऊस वाढला आणि वारा मंदावला. त्याखेरीज १९५८ मध्ये काम सुरू झालेल्या इंदिरा गांधी कालव्याने श्रीगंगानगर ते जैसलमेर पट्ट्यात बरीच जमीन ओली आणि हिरवी केली, आणि जोधपूरच्या काझरी या कोरड्या प्रदेशांवर संशोधन करणाऱ्या संस्थेने वाळूच्या टेकड्या झाडाझुडपांनी बांधून ठेवण्याचं काम अनेक दशकं केलं.

मग आपल्याला धूळ वाढल्यासारखी का वाटते? शहर खोदून ठेवलेलं आहे म्हणून. ही दूरची धूळ नव्हे, पहिल्या उत्तरातली खरखरीत धूळ. तिच्यावर पाणी मारता येतं, ती झाकता येते, रस्त्याच्या कडा पक्क्या करता येतात. वाऱ्याची दिशा कोणाला बदलता येत नाही, पण रेतीच्या ढिगावर ताडपत्री टाकता येते, आणि तेवढंही होत नाही.

आज आलेली धूळ कुठून आली, हे घरबसल्या कळू शकतं का?

बऱ्यापैकी. भारतीय हवामान खात्याच्या संकेतस्थळावर इन्सॅट उपग्रहाची चित्रं दर अर्ध्या तासाने येतात. युरोपच्या कोपर्निकस सेवेचे धुळीचे नकाशे पुढच्या काही दिवसांचा अंदाज देतात. अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेचं हायस्प्लिट नावाचं मोफत साधन तर हवेची वाट मागे काढून देतं. ग्वाल्हेरचे अक्षांश-रेखांश, साधारण २६.२ उत्तर आणि ७८.२ पूर्व, टाका, उंची ५००, १५०० आणि ३००० मीटर अशी तीन वेळा द्या आणि ७२ तास मागे जायला सांगा. मेमध्ये वरच्या दोन रेघा बहुतेक वेळा बिकानेर-बाडमेरवरून, कधी थेट बलुचिस्तानातून आलेल्या दिसतील, आणि खालची रेघ पुष्कळदा शेजारच्या दोन-तीन जिल्ह्यांतच घुटमळलेली. रेघ कुठून गेली एवढ्यावर निकाल देऊ नका. त्या दिवशी त्या ठिकाणी धूळ उठली होती का, हे उपग्रहाच्या चित्रात जोडून पाहावं लागतं. आंधीच्या तात्काळ इशाऱ्यासाठी मात्र यातलं काही कामाचं नाही. त्यासाठी खात्याचा तीन तासांचा इशारा, आणि विजांसाठी ‘दामिनी’ ॲप.